मूल्यांकनाचा आकडा आणि वर्ध्याचा बाजार

समजा, हिंगणघाट येथे एक जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना आहे आणि त्याच्या मालकाच्या कपाटात त्या कारखान्याचे चार कागद आहेत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळालेल्या मूल्यांकनपत्रात जागा व इमारत मिळून १ कोटी ८० लाख रुपयांचा आकडा आहे. कर्ज देताना बँकेने करविलेल्या अहवालात तो ३ कोटी आहे. विमापत्रावर इमारतीची रक्कम दीड कोटी लिहिली आहे. पुढे हप्ते थकल्यावर निघालेल्या लिलावाच्या नोटिशीत राखीव किंमत छापली आहे ती २ कोटी १० लाखांची. कारखाना एकच, भिंती त्याच, चतुःसीमाही त्याच. मग आकडे चार का? मालकाचा पहिला ग्रह असा होतो, की ह्या चौघांपैकी निदान तिघांनी तरी लबाडी केली असली पाहिजे.

हा दाखला कल्पित आहे; त्यातील गोंधळ मात्र कल्पित नाही. वर्धा जिल्ह्यात दुकान, गोदाम, जिनिंग, दालमिल, लॉज वा पेट्रोलपंप ह्यांपैकी काहीही ज्याच्या नावावर आहे, त्याला आयुष्यात केव्हा ना केव्हा अशा परस्परविरोधी आकड्यांना तोंड द्यावे लागते. वस्तुतः हे चारही आकडे प्रामाणिक असू शकतात, आणि चारही चुकीचे असू शकतात. सोन्याचे वजन करावे तसे मालमत्तेचे मूल्य तराजूत घालून मोजता येत नाही. एका ठरावीक हेतूसाठी, एका ठरावीक तारखेस, काही गृहीतकांच्या आधारे जाणकाराने दिलेले जबाबदार मत म्हणजे मूल्यांकन. त्यामुळे आकड्याइतकेच, किंबहुना आकड्याहून अधिक, महत्त्व त्यामागील कारणांना आहे. नेमकी तीच कारणे आपल्याकडे कोणी वाचत नाही.

रस्त्यांनी बदललेला जिल्हा

१८६२ साली नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा प्रारंभापासून कापसाचा आणि दळणवळणाचा. वर्धा शहर वसले १८६६ साली, आणि त्यानंतर वर्षभरातच मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. रेल्वेमागून जिन आणि प्रेस आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंगणघाट व पुलगाव येथे गिरण्या उभ्या राहिल्या. स्टेशनालगतच्या जागेला मोल आले ते कापसाच्या गठाणी तेथून रवाना होत म्हणून. पुढे पुलगावची गिरणी बंद पडली, मालाची वाहतूक रेल्वेकडून रस्त्याकडे वळली, आणि एकेकाळी अडगळीत पडलेले रस्त्यालगतचे वावर स्टेशनजवळच्या गोदामाहून महाग झाले. जागा हलली नाही. तिच्याभोवतीचे जग हलले.

आज ही हालचाल पुन्हा वेगाने सुरू आहे. सेलू, वर्धा व आर्वी ह्या तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. वर्धा–नांदेड रेल्वेमार्गावरील वर्धा ते कळंब हा देवळीवरून जाणारा भाग फेब्रुवारी २०२४ पासून वाहतुकीस आला. पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत नियोजिलेल्या शक्तिपीठ महामार्गास राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. रस्त्याची नुसती रेघ नकाशावर उमटली तरी तिच्या आजूबाजूस दलाल हिंडू लागतात, इसारचिठ्ठ्या होऊ लागतात आणि प्रत्येक जण आपल्या जागेचा भाव कानोकानी ऐकलेल्या आकड्यावरून सांगू लागतो. अशा वेळी व्यावसायिक मूल्यांकन म्हणजे काय, त्याची पद्धत कोणती आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे ही केवळ बँकेच्या अधिकाऱ्याची गरज राहत नाही. ती सामान्य दुकानदाराची, जिनवाल्याची आणि शेतकऱ्याचीही गरज ठरते.

किंमत, खर्च आणि मूल्य

व्यवहारात ह्या तीन शब्दांची सर्रास गल्लत होते. एका खरेदीदाराने एका विक्रेत्यास प्रत्यक्षात मोजलेली रक्कम म्हणजे किंमत. बांधणाऱ्याच्या खिशातून गेला तो खर्च. आणि दोघेही राजीखुशीचे, माहितगार आणि कोणत्याही घाईत वा दडपणात नसताना त्यांच्यामध्ये जो सौदा होणे संभवनीय, त्याचा अंदाज म्हणजे बाजारमूल्य. शेजारच्या जागेवाचून ज्याचे अडले आहे, तो तिच्यासाठी जास्त किंमत मोजील. ज्याच्या घरी लग्न वा आजारपण आहे, तो कमीत विकील. ह्या दोन्ही किमती खऱ्या घडलेल्या असल्या तरी त्या बाजारमूल्य ठरत नाहीत.

पुण्यातील भूसंपादनाच्या एका प्रकरणात, चिमणलाल हरगोविंददास खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ह्याविषयी जे विवेचन केले, ते आजही मार्गदर्शक मानले जाते. मूल्य ठरविणाऱ्याने मूल्यांकनाच्या तारखेच्या रेषेवर उभे राहावे, त्या दिवशी खुल्या बाजारात वाजवी किंमत देण्यास तयार असलेल्या खरेदीदाराच्या भूमिकेत स्वतःला कल्पावे, आणि मगच आकडा सांगावा, असे त्याचे सार आहे. लहान भूखंडाचा दर मोठ्या जमिनीस जसाच्या तसा लावता येत नाही. रस्त्यालगतचा तुकडा आणि आतला तुकडा समान नव्हेत. ज्या योजनेसाठी जमीन घेतली जात आहे, तिच्यामुळे फुगलेला भाव धरायचा नाही, हे विवेकही त्यात आले आहेत. येळाकेळीजवळ समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोय आहे म्हणून आसपासच्या प्रत्येक वावरास उद्याच्या उपाहारगृहाचा दर लावणारा दलाल आणि त्याच वावराकडे नुसते कोरडवाहू रान म्हणून पाहणारा कर्मचारी, दोघेही ह्या कसोटीला उतरत नाहीत. पहिला उद्याच्या तारखेवर उभा आहे, तर दुसरा कालच्या.

तीन वाटा

मूल्यांकनकार, ज्यास बँकेत आणि बाजारात व्हॅल्युअर म्हणतात, प्रामुख्याने तीन वाटांनी आकड्यापर्यंत पोहोचतो.

पहिली वाट तुलनेची. आसपासच्या, नजीकच्या काळातल्या, तशाच मालमत्तेच्या विक्रीचे दाखले घ्यावयाचे आणि फरकापुरती वजाबाकी वा भर करावयाची. वाट सरळ दिसते, पण तिच्यात खड्डे पुष्कळ आहेत. दुकानाचे क्षेत्र आतल्या वापराचे धरले की भिंती, जिना व ओटा धरून, हे पाहिले नाही, तर २०० चौरस फुटांचा गाळा २६० चौरस फुटांचा होतो, आणि चौरस फुटास १०,००० रुपये दर धरला तर २० लाखांचे २६ लाख होतात. तळमजल्यावरील गाळ्याचा दर पहिल्या मजल्यास लावणे, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील दुकानाचा दर गल्लीतल्या दुकानास लावणे, ह्या नेहमीच्या चुका. वर्ध्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. महात्मा गांधींची कर्मभूमी असलेल्या ह्या जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. नागपुरातल्या हॉटेलाच्या मूल्यात परमिट रूमच्या उत्पन्नाचा वाटा असू शकतो. वर्ध्याच्या हॉटेलास तो कायद्यानेच उपलब्ध नाही. नागपूरचा दाखला उचलून त्यात एवढीशी दुरुस्ती न करणारा अहवाल कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असला, तरी तो निरुपयोगी समजावा.

दुसरी वाट उत्पन्नाची. व्यावसायिक जागा माणूस घेतो ती मुख्यतः तिच्यापासून मिळणाऱ्या भाड्यासाठी वा धंद्यासाठी. म्हणून त्या उत्पन्नाचे भांडवलात रूपांतर करावयाचे. समजा, एका गाळ्याचे भाडे महिना २०,००० रुपये आहे. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. नगरपरिषदेचा कर, दुरुस्ती, विमा आणि गाळा मध्ये रिकामा राहण्याची शक्यता मिळून ४८,००० वजा केले, तर निव्वळ उत्पन्न उरते १ लाख ९२ हजार. अशा गुंतवणुकीवर ८ टक्के परतावा अपेक्षित धरला, तर मूल्य २४ लाख येते. ६ टक्के धरला, तर ३२ लाख. गाळ्याची एक वीटही न हलता आकडा ८ लाखांनी वाढला, तो केवळ एका टक्केवारीच्या निवडीने. म्हणून अहवाल वाचणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ही टक्केवारी कोठून आली? वर्ध्यातील भाड्याच्या आणि विक्रीच्या दाखल्यांवरून, की पुण्या-मुंबईच्या एखाद्या पुस्तकातून?

त्याच गाळ्यात जुना भाडेकरू असेल, तर हिशेबाचा नूरच पालटतो. विदर्भात १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेशाच्या जागी पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्यान्वये घरमालकास भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. पण मूळ भाडेच महिना दोन हजार असेल, तर चार टक्क्यांनी काय साधणार? कर आणि दुरुस्ती जाऊन वर्षाकाठी १२,००० रुपये हाती उरले, तर ८ टक्क्यांच्या हिशेबाने त्याचे भांडवल होते दीड लाख. भाडेकरूच्या हक्काला आणि पगडीला बाजारात स्वतंत्र मोल आहे, म्हणून अंतिम आकडा ह्याहून वेगळा ठरेल. पण रिकाम्या गाळ्याचा आणि भाडेकरू असलेल्या गाळ्याचा दर एकच धरणारा अहवाल मालक, भाडेकरू आणि बँक ह्या तिघांचीही फसगत करतो.

तिसरी वाट खर्चाची. जमिनीचे मूल्य वेगळे काढावयाचे आणि इमारत आज नव्याने बांधण्यास किती लागतील, त्यातून झिजेपोटी वजावट करून उरलेली रक्कम त्यात मिळवावयाची. पुन्हा त्या जिनचेच उदाहरण घ्यावे. १०,००० चौरस फुटांची शेड, नव्याने बांधण्याचा दर चौरस फुटास १,५०० रुपये. म्हणजे दीड कोटी. आयुर्मान ५० वर्षे, त्यांपैकी २० सरली, आणि शेवटी १० टक्के मोडीचे मूल्य उरेल असे धरले, तर घसारा ३६ टक्के, म्हणजे ५४ लाख. उरले ९६ लाख. विमापत्रावर दीड कोटी का होते, ह्याचा उलगडा येथे होतो. विमा उतरवला होता तो इमारत नव्याने उभारण्याच्या खर्चाचा. त्यात ना जमीन होती, ना झीज. कापसाच्या गंजीला आग लागली तरी जमीन जळत नाही.

परंतु ह्या वाटेलाही एक धोक्याचे वळण आहे. शेड मजबूत असणे वेगळे आणि शेडीस गिऱ्हाईक असणे वेगळे. जिनिंगचा धंदा हंगामी. परिसरात कापूस येईनासा झाला किंवा यंत्रे कालबाह्य झाली, तर भक्कम शेडीचेही मोल उतरते. ह्याउलट जिनच्या आवारातील मोकळी जागा पाहून तीत भूखंड पाडण्याची स्वप्ने रंगविणारा मूल्यांकनकारही चुकतो. कारण कापसाच्या गाड्या उभ्या करण्यास, गंज्या घालण्यास आणि आगीपासून अंतर राखण्यास ती जागा लागतेच. तिच्यावाचून जिन चालत नाही, मग तिला फाजील कसे म्हणावे?

जागेखालची जागा

कोणत्याही वाटेने गेले, तरी एक प्रश्न सर्वांआधी सुटला पाहिजे, तो हा की ज्या वस्तूचे मूल्य काढावयाचे, ती वस्तू म्हणजे नेमके काय? विटा आणि माती डोळ्यांना दिसतात. हक्क दिसत नाहीत. मूल्य मात्र हक्कांचे असते. विदर्भातील जुन्या शहरांत नझूलच्या, म्हणजे शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या, जागा पुष्कळ आहेत. आखीव पत्रिकेवर पट्ट्याची मुदत केव्हा संपते आणि नूतनीकरण झाले आहे काय, हे न पाहता अशा जागेस मालकी हक्काच्या जागेचा दर लावणे म्हणजे वाळूवर इमला बांधणे. औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीतील भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने असतात आणि त्यांच्या हस्तांतरणास महामंडळाची परवानगी व शुल्क लागते. ती रक्कम मूल्यातून वजा झाली पाहिजे. सात-बारावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल, तर विक्रीवर निर्बंध आहेत. विनोबांच्या पवनारचा हा जिल्हा. भूदानात मिळालेली जमीन मुक्तपणे विकता येत नाही, हे येथे तरी कोणास निराळे सांगावयास नको. अकृषिक वापराची नोंद, मंजूर नकाशा, प्रत्यक्ष बांधकाम आणि नकाशा ह्यांतील फरक, पोच रस्त्याचा हक्क, हे सारे पाहिल्यावाचून दिलेला आकडा हा अंदाजही नव्हे. तो केवळ अभिप्राय होय.

मूल्यांकनकार कोण?

हा व्यवसाय दीर्घकाळ विखुरलेला राहिला. संपत्तिकराच्या कायद्याखाली मूल्यांकनकारांच्या नोंदणीची तरतूद फार पूर्वी झाली. तो कर २०१५ च्या वित्त कायद्याने गेला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ ने आणि २०१७ च्या नियमांनी नोंदणीकृत मूल्यांकनकार ही स्वतंत्र संस्था निर्माण केली. शिक्षण, अनुभव, परीक्षा आणि भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडील नोंदणी ह्या तिच्या पायऱ्या. जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता असे तिचे तीन वर्ग आहेत. म्हणजेच, शेडीचे मूल्य काढणाऱ्यास तेवढ्यावरून जिनिंगच्या यंत्रांचे मूल्य काढण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

नादारीच्या प्रक्रियेत दोन नोंदणीकृत मूल्यांकनकार नेमावे लागतात. त्यांनी कारखान्यास प्रत्यक्ष भेट देऊन न्याय्य मूल्य आणि अवसायन मूल्य असे दोन आकडे स्वतंत्रपणे काढावयाचे असतात, आणि दोघांत फार तफावत पडली तर तिसऱ्याची तरतूद आहे. वर्ध्याजवळच्या भूगाव येथील, आधी लॉइड्स, नंतर उत्तम आणि आज इव्होनिथ ह्या नावाने ओळखला जाणारा पोलाद कारखाना ह्याच प्रक्रियेतून गेला. त्याच्या पुनरुज्जीवनाच्या आराखड्यास २०२० साली न्यायाधिकरणाची मंजुरी मिळाली. चालता कारखाना आणि मोडीत काढावयाचा कारखाना ह्यांच्या मूल्यांतील अंतर म्हणजे कामगारांची रोजी, पुरवठादारांची थकबाकी आणि आसपासच्या चहाच्या टपऱ्या, हे जिल्ह्याने तेव्हा जवळून पाहिले.

बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळाने मंजूर केलेले मूल्यांकन धोरण, बँकेशी हितसंबंध नसलेले स्वतंत्र मूल्यांकनकार आणि ५० कोटी रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या मालमत्तेस किमान दोन अहवाल अशी बंधने घातली आहेत. पण वर्धा जिल्ह्यातील बहुसंख्य कर्जे ५० कोटींच्या पुष्कळ खालची. तेथे अहवाल एकच, आणि तोही बहुधा इंग्रजीत. त्याचे शुल्क कर्जदाराच्या खात्यातून वळते होते. अहवालाची प्रत मात्र अनेकदा त्याच्या हाती पडत नाही. कर्ज हवे असते तेव्हा आकडा मोठा आला म्हणून तो सुखावतो आणि काही विचारीत नाही. कर्ज थकते तेव्हा आकडा लहान येतो, आणि मग विचारण्याची वेळ निघून गेलेली असते. बँकेच्या अहवालात बाजारमूल्याखेरीज प्रत्यक्ष वसूल होण्याजोगे मूल्य आणि घाईच्या विक्रीचे मूल्य असे आणखी दोन आकडे सामान्यतः असतात, ही गोष्टही त्याला लिलावाच्या वेळी प्रथमच समजते. तारण मालमत्तेच्या विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घेऊन राखीव किंमत ठरविण्याचे बंधन २००२ च्या नियमांतच आहे. तो अहवाल कोणत्या तारखेचा, कोणत्या दाखल्यांवर आधारलेला, हे मागून घेऊन वेळीच आक्षेप नोंदविणे हे कर्जदाराच्या हाती असते. भावनेच्या भरात न्यायालयाकडे धाव घेण्यापेक्षा तो एक मुद्देसूद अर्ज अधिक उपयोगी पडतो.

कुऱ्हाडीचा दांडा

येथवर दोष इतरांच्या पदरात घातले. पण एक दोष समाजाच्या स्वतःच्या पदरात आहे, आणि तो सर्वांत जड आहे. तुलनेची वाट दाखल्यांवर चालते, आणि दाखले मिळतात ते नोंदलेल्या विक्रीपत्रांतून. ही विक्रीपत्रे कितपत खरी असतात? मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी आणि विक्रेत्याचा कर चुकविण्यासाठी कागदावर रेडी रेकनरइतकाच आकडा लिहावयाचा आणि उरलेली रक्कम रोखीने द्यावयाची, हा प्रघात इतका रूढ झाला आहे, की त्याची कोणास लाजही वाटेनाशी झाली आहे. वास्तविक रेडी रेकनर म्हणजे शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दरपत्रक, आणि तेही विभागवार सरासरीचे. एकाच विभागातील मोक्याचे दुकान आणि मागच्या बोळातील कोंदट खोली ह्यांना त्यात बहुधा एकच दर असतो. ते शुल्क आकारणीचे साधन आहे. विशिष्ट मालमत्तेचे मूल्यांकन नव्हे. अदिलाबादच्या एका प्रकरणात, जवाजी नागनाथम खटल्यात, १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने मुद्रांकासाठी ठेवलेल्या मूल्यनोंदवहीला बाजारमूल्याचा पुरावा मानण्यास नकार दिला होता, तो ह्याच कारणाने.

पण २०१३ च्या भूसंपादन कायद्याने चित्र बदलले. त्याच्या कलम २६ नुसार मुद्रांकासाठी ठरलेले मूल्य. आसपासच्या तशाच जमिनींच्या मागील ३ वर्षांतील विक्रीपत्रांपैकी चढ्या किमतीच्या निम्म्या विक्रीपत्रांची सरासरी. आणि संमतीने ठरलेली रक्कम, ह्यांत जे अधिक असेल ते बाजारमूल्य धरावयाचे, आणि पुढील सर्व मोबदला त्यावर उभारावयाचा. म्हणजे गावातल्या प्रत्येक खरेदीदाराने आणि विक्रेत्याने दुय्यम निबंधकापुढे लिहून दिलेला आकडा हाच उद्या शेजाऱ्याच्या जमिनीचा दर होतो. ज्याने आज काही हजारांचे शुल्क वाचविले, त्याच्याच कागदामुळे उद्या त्याच्या भावकीला रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला कमी मिळतो. बँकेचा मूल्यांकनकार त्याच कागदाकडे बोट दाखवून दुकानाचे तारणमूल्य उतरवतो, आणि लिलावाची राखीव किंमत त्याच कागदावर ठरते. समृद्धीच्या वेळी गावोगावी मोबदल्यावरून वादविवाद झाले, आणि शक्तिपीठाच्या वेळीही ते होणारच. त्या वादात हाती खरा दाखला नसणे, ही तक्रार करणाऱ्याची सर्वांत मोठी दुर्बलता होय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण ह्याहून अधिक अचूकपणे क्वचितच लागू पडेल.

ह्याचा अर्थ शासन निर्दोष आहे, असा नव्हे. रेडी रेकनरचे दर प्रत्यक्ष बाजाराहून चढे असतील, तर प्रामाणिक माणसासही खऱ्या किमतीपेक्षा जास्त रकमेवर शुल्क द्यावे लागते. प्राप्तिकराच्या कायद्यातही मुद्रांकमूल्य विक्रीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक चढे असेल, तर साधारणपणे मुद्रांकमूल्यच विचारात घेतात. अशा वेळी दस्त जिल्हा मुद्रांक अधिकाऱ्यापुढे अभिनिर्णयासाठी नेऊन खरे मूल्य ठरवून घेण्याची वाट कायद्यात आहे. पण ती वाट दस्तलेखकही सांगत नाही आणि कार्यालयही दाखवीत नाही. विभागांच्या सीमा कालबाह्य ठेवावयाच्या, दर सरसकट टक्केवारीने वाढवावयाचे, आणि मग जनता खरे आकडे लिहीत नाही म्हणून हळहळावयाचे, हे शासनास शोभत नाही.

काय करता येईल?

उपाय भव्य नाहीत. म्हणूनच ते शक्य कोटीतले आहेत. बँकांनी मूल्यांकनाचा अहवाल कर्जदारास आपण होऊन द्यावा, आणि त्यासोबत एका पानाचा मराठी गोषवारा जोडावा. त्यात हेतू, पाहणीची तारीख, हक्काचा प्रकार, धरलेले क्षेत्र, वापरलेले दाखले, निवडलेली पद्धत आणि गृहीतके एवढ्या सात गोष्टी असल्या तरी पुरे. नोंदणी विभागाने व्यक्तींची नावे वगळून विक्रीचे दाखले गावनिहाय व वापरनिहाय सर्वांस सहज पाहता येतील असे मांडावेत. रेडी रेकनरचे विभाग ठरविताना व्यापारी संघ, जिनिंगवाले आणि शेतकरी ह्यांचे म्हणणे जिल्ह्याच्या पातळीवर खरोखर ऐकावे. मूल्यांकनकारांनी मौक्यावर न जाता छायाचित्रांवरून अहवाल लिहिण्याची सवय सोडावी, आणि बँकेला वा मालकाला हवा तो आकडा देण्याचे नाकारावे. आकडा आधी ठरवून कारणे मागाहून रचणे ह्यास मूल्यांकन म्हणत नाहीत. त्यास वकिली म्हणतात.

आणि मालमत्तेच्या धन्याने? त्याने अहवालाचे शेवटचे पान आधी उघडण्याची घाई करू नये. पहिल्या पानापासून वाचावे. कोणत्या तारखेस, कशासाठी, कोणता हक्क, कोणते दाखले, हे विचारावे. हिंगणघाटच्या त्या कल्पित मालकाने असे वाचले असते, तर चार आकड्यांचे कोडे त्याला पडलेच नसते. १ कोटी ८० लाख हे शुल्क आकारणीसाठी, ३ कोटी हे चालत्या काळातील खुल्या बाजारासाठी, दीड कोटी हे जमीन वगळून नव्या बांधकामासाठी, आणि २ कोटी १० लाख हे पडत्या काळातील सक्तीच्या विक्रीसाठी, एवढे त्याला कळले असते. मग त्यांतला कोणता आकडा चुकला आहे, हेही त्याला बोट ठेवून दाखविता आले असते.

मूल्यांकनकार हा बाजाराचा आरसा आहे, आणि आरशात दिसते ते समोर उभ्या राहणाऱ्याचेच रूप. ज्या गावाची विक्रीपत्रे खोटी, त्या गावास खरे मूल्यांकन मिळण्याची आशा नाही. नव्या रस्त्यांची मोजणी ह्या जिल्ह्यात अद्याप संपलेली नाही. तोवर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात लिहिला जाणारा प्रत्येक खरा आकडा ही शेजाऱ्यासाठी केलेली बचत आहे, आणि प्रत्येक खोटा आकडा त्याच्या नावावर काढलेले कर्ज.